जगलेलं कोकरू मोजा
चांदूर बाजार परिसरातल्या छोट्या शेतकऱ्यासाठी मेंढीपालन

चांदूर बाजार तालुक्यात शेतकऱ्याच्या दारात शेळी दिसते, मेंढी क्वचित. बेरारी शेळी तर वऱ्हाडाचीच. देशातल्या नोंदणीकृत जातींत तिचं नाव आहे. मेंढी आपल्याकडे येते ती धनगर बांधवांच्या कळपातून. चार रात्री रिकाम्या शेतात बसते, लेंडीखत देऊन पुढच्या शिवारात जाते. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या एक कोटीच्या वर होत्या आणि मेंढ्या साधारण २७ लाख. त्यातल्या बहुतेक मेंढ्या नगर, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर या कोरड्या पट्ट्यातल्या. म्हणजे मेंढीपालनाचा जो सल्ला आपल्या कानावर येतो, तो बहुतेक माळरानाचा असतो. काळ्या मातीला, कपाशीला आणि संत्र्याच्या बागेला तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

पाच-सात एकर कोरडवाहू आणि एखाद एकर संत्रा असलेल्या शेतकऱ्यानं मेंढी पाळावी का? पाळावी. पण सुरुवात दहा मेंढ्यांपासून करावी, पहिली दोन वर्षं विसाच्या वर जाऊ नये आणि कळप किती मोठा यापेक्षा वर्षभरात किती कोकरं जगून विकली गेली ते पाहावं. देशी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. समजा, २० मेंढ्यांपैकी १८ व्यायल्या. त्यातली पाच कोकरं गेली तर हाती १३ राहतात. एकच गेलं तर १७. चारा तोच, राखणही तीच, पण फरक चार कोकरांचा. नफा-तोटा इथेच ठरतो. या लेखातली प्रत्येक सूचना त्या चार कोकरांसाठी आहे.

कोणासाठी आहे हा जोडधंदा

मेंढी जमिनीलगतचं गवत, धुऱ्यावरचं तण आणि पिकाचं उरलंसुरलं खाते. शेळीसारखी मागच्या पायांवर उभी राहून झाडाच्या फांद्या सहसा ओढत नाही, म्हणून मोठ्या बागेच्या मालकाला ती शेळीपेक्षा परवडते. दोन-तीन वर्षांच्या कलमांत मात्र तिला सोडू नये. तोंडाच्या उंचीवरचा कोवळा पाला तीही खाते.

पण मेंढीला फिरायला हवं. दिवसाचे पाच-सहा तास तिच्यामागे चालणारं माणूस घरात नसेल, पडीक, धुरे आणि नाल्याकाठ मिळून चराईची जागा नसेल, तर दोन बेरारी शेळ्या बांधून पाळणं जास्त शहाणपणाचं. घरात म्हातारी माणसं आहेत, शेतमजुरी सांभाळून एक जण कळपामागे जाऊ शकतो, कुटार घरचं आहे, अशा कुटुंबाला मेंढी साथ देते.

कोणती मेंढी आणायची

महाराष्ट्राची मूळ मेंढी म्हणजे दख्खनी. बहुतेक काळी किंवा काळी-पांढरी, नाकाड उंच, कान लोंबते. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे प्रकार ओळखले जातात. वाढलेली मेंढी साधारण २५ ते ३० किलोची, नर ३५ ते ४० किलोच्या आसपास. वजन कमी वाटतं, पण निकृष्ट चाऱ्यावर टिकणं, उन्हात मैलोन्‌मैल चालणं आणि दुष्काळातही वेत देणं हे गुण तिच्या रक्तात आहेत. नवख्या माणसानं याच मेंढीपासून सुरुवात करावी. शक्य तर आपल्याच जिल्ह्यात दोन-तीन पावसाळे काढलेल्या कळपातल्या मेंढ्या घ्याव्यात. सोलापूरच्या माळावरून थेट आणलेली मेंढी पहिल्याच भादव्यात खुरांनी बसते.

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी दिसायला देखणी: पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग, पोपटासारखं नाक, उंच बांधा. तिची कोकरं झपाट्याने वाढतात. तिच्या निवडक नरांना लाखांच्या किमती आल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या किमती हौसेच्या आणि पैदाशीच्या बाजाराच्या आहेत. खाटकाच्या वजनकाट्यावर तो भाव मिळत नाही. शिवाय तो प्राणी जतच्या कोरड्या हवेतला. माडग्याळ हवीच असेल तर मेंढ्या स्थानिक ठेवून फक्त नर आणावा आणि पहिल्या पिढीची कोकरं विकण्यासाठीच वाढवावीत.

जुळ्यांसाठी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं काम माहीत असायला हवं. बंगालमधल्या सुंदरबनात गरोल नावाची बुटकी मेंढी आहे. ती सर्रास जुळी देते, कारण तिच्यात ‘फेक-बी’ नावाचं जनुक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून जहाजानं ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांमुळेच तिथल्या बुरुला मेरिनोत हे जनुक पोहोचलं, असं शास्त्रज्ञ मानतात. फलटणच्या संस्थेनं हे जनुक दख्खनी मेंढीत उतरवलं आणि ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. या मेंढ्यांतल्या बऱ्याच जणी जुळी देतात. मात्र जुळं पोटात वाढवायला आणि दोघांना दूध पाजायला आईला खुराक लागतो. नुसत्या चराईवर राहणाऱ्या मेंढीला जुळी झाली तर दोन्ही कोकरं कुपोषित राहतात, कधी दोन्ही जातात. म्हणून पहिल्या दोन वर्षांत एकेरी कोकरं जगवायला शिका. जुळ्यांचा नर त्यानंतर आणा.

मेंढा: अर्धा कळप

एका मेंढीचे गुण वर्षाला एका कोकरात उतरतात, मेंढ्याचे सगळ्यांत. तरीही बाजारात शेवटी उरलेला स्वस्त नर घरी येतो, हे नेहमीचं चित्र. खरेदीचं बजेट करताना आधी मेंढ्याचे पैसे बाजूला काढा.

वय दीड वर्षाच्या वर असावं. दोन्ही अंडकोष सारखे, भरदार आणि गाठ नसलेले असावेत. हाताने चाचपून पाहा. पाय सरळ, खूर घट्ट, खालचे दात वरच्या हिरडीला नीट टेकणारे. शक्य असेल तर त्याची आई पाहा: तिची कास मऊ आहे का, तिची आधीची कोकरं जगली का. असा एक नर २५ ते ३० मेंढ्यांना पुरतो.

दहा मेंढ्यांसाठी स्वतंत्र नर महाग पडतो. एका गावातल्या तीन शेतकऱ्यांनी मिळून एक चांगला मेंढा घ्यावा, खर्च वाटून घ्यावा. पण कळपाकळपांत फिरण्याआधी त्याची सांसर्गिक गर्भपाताची रक्ततपासणी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत करून घ्यावी. हा रोग माणसालाही होतो; वार काढताना, मेलेलं कोकरू उचलताना उघड्या हातांनी काम करू नका. दर दोन वर्षांनी नर बदला, नाहीतर तो स्वतःच्या पाटींवर, म्हणजे आपल्याच तरण्या लेकींवर, चढतो आणि कोकरं बारीक, अशक्त होत जातात.

अमरावतीजवळ पोहरा इथे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. खरेदीआधी तिथे चक्कर मारून कोणते नर मिळतात, कोणतं प्रशिक्षण चालू आहे, याची चौकशी करावी.

वेत कधी, हे तुम्ही ठरवा

मेंढा वर्षभर कळपात मोकळा ठेवला की कोकरं बाराही महिने होतात, आणि त्यातली काही आषाढ-श्रावणात, सगळ्यात वाईट वेळी. ओला गोठा, चिखल, डास-चिलटं आणि थंडगार पाऊस यांत दोन दिवसांचं कोकरू तग धरत नाही.

मेंढी साधारण १५० दिवस गाभण राहते. माज दर १७ दिवसांनी येतो आणि दिवस-दीड दिवस टिकतो. आपल्या भागासाठी हिशेब असा करा: जूनअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मेंढा कळपात. म्हणजे नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या पूर्वार्धात वेत. त्या वेळी जमीन कोरडी असते, सोयाबीन निघालेलं असतं, धुऱ्यांवर चारा असतो आणि पुढे तुरीचं कुटार येतं. पाच-सहा आठवडे मेंढा ठेवला की प्रत्येक मेंढीला दोन माज मिळतात आणि सगळी कोकरं एका वयाची निघतात. सांभाळायला सोपी, विकायलाही सोपी.

बाकीच्या काळात मेंढा वेगळा बांधावा. जागा नसेल तर त्याच्या पोटाखाली गोणपाटाचा पडदा बांधून कळपातच ठेवता येतो. पडदा रोज पाहावा. ओला राहिला तर कातडी सडते.

मेंढा सोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून प्रत्येक मेंढीला रोज २०० ते २५० ग्रॅम भरडलेली ज्वारी किंवा मका द्या. अंगावर येत चाललेली मेंढी लवकर माजावर येते आणि गाभ धरते. पाटीला वर्षाचं वय आणि २२-२३ किलो वजन झाल्याशिवाय नराजवळ जाऊ देऊ नका. घाईनं फळलेल्या पाटीचं कोकरूही लहान आणि तिची स्वतःची वाढही खुंटलेली.

शेवटचे सहा आठवडे आणि पहिला तास

पोटातल्या कोकराची बहुतांश वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. नेमका हा काळ आपल्याकडे कापूस वेचणीच्या गर्दीचा असतो आणि मेंढी दुर्लक्षित राहते. या दिवसांत रोज पाव किलो भरडा आणि ढेप मिळून खुराक, मूठभर तुरीची चुरी, स्वच्छ पाणी द्या. गाभण मेंढ्यांना कुत्र्यांमागे पळवू नका, अरुंद दारातून कोंबू नका.

वेताच्या जागी कोरड्या कुटाराचा किंवा तणसाचा जाड थर हवा. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारा डिसेंबरातला गारवा कोकराला पहाटे मारतो; गोठ्याच्या उत्तरेला गोणपाट किंवा ताडपत्री लावा, वरून हवा खेळती ठेवा.

कोकरू पडल्यावर करायची कामं थोडी आहेत, पण वेळेवर हवीत. नाक-तोंड पुसा. नाळ दोन-तीन बोटं ठेवून कापा, टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. कास धुऊन पहिल्या दोन धारा जमिनीवर काढा, म्हणजे सडाची गुठळी निघते. पहिल्या तासात चीक पोटात गेलाच पाहिजे. आई जवळ घेत नसेल तर दोघांना छोट्या कोपऱ्यात दोन दिवस बंद करा. तीन किलोच्या कोकराला पहिल्या दिवसात किमान ३०० मिलिलीटर चीक लागतो, थोडा थोडा करून. आई मेली तर दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा चीक चालतो. तिसऱ्या आठवड्यापासून कोकरांना कोवळा पाला आणि थोडा भरडा आईपासून वेगळ्या जाळीआड ठेवा. तीन महिन्यांनी दूध तोडा.

कुटार आहे, पण पुरेसं नाही

आपल्या भागात चाऱ्याची खरी ताकद कुटारात आहे. तुरीचं कुटार मेंढी आवडीनं खाते आणि पोषणही बरं मिळतं. हरभऱ्याचं कुटारही द्यावं. सोयाबीनचं कुटार भिजलेलं, काळं पडलेलं असेल तर देऊ नका. बुरशी गाभण मेंढीला बाधते. मळणी झाली की कोरडं कुटार लगेच झाकणीखाली न्या.

३० किलोच्या मेंढीला दिवसाला साधारण एक किलो कोरडा चारा लागतो. चराईतून अर्धा मिळाला असं धरलं तरी २० मेंढ्यांना मार्च ते जून अखेरपर्यंत बारा क्विंटलच्या आसपास कुटार हाताशी हवं. तेवढं घरचं नसेल तर कळप लहान करा. धुऱ्यावर शेवरी, सुबाभूळ आणि दशरथ घासाची ओळ लावली तर उन्हाळ्यात हिरवं मिळतं. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच ठेवा. बाभळीच्या शेंगा गोळा करून कुटून द्या, त्या फुकटच्या खुराकासारख्या आहेत.

संत्र्याच्या बागेतला विषारी निळा रंग

हा मुद्दा माळरानावरच्या सल्ल्यात सापडत नाही आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. मेंढीला तांबं सहन होत नाही. गाय, म्हैस, अगदी शेळीही जेवढं तांबं पचवते तेवढ्यावर मेंढी मरते. तिच्या यकृतात ते महिनोन्‌महिने साठत जातं आणि एक दिवस ताण पडला की सगळं रक्तात उतरतं. डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, दोन दिवसांत मृत्यू. मालकाला वाटतं कावीळ झाली किंवा साप चावला.

संत्र्याच्या डिंक्यासाठी आपण खोडाला जी बोर्डो पेस्ट लावतो, तिच्यात मोरचूद असतं. कॉपर ऑक्सिक्लोराईडची फवारणीही तांब्याचीच. म्हणून पेस्ट लावलेल्या बागेत मेंढ्या सोडू नका, त्या खोड चाटतात. फवारणीनंतर एक-दोन चांगले पाऊस पडून खालचं गवत नव्यानं फुटेपर्यंत ती बाग बंद. मोरचुदाचे डबे, फवारणीचे पंप धुतलेलं पाणी हौदात जाऊ देऊ नका. आणि गाईम्हशींसाठीचं खनिज मिश्रण मेंढीला कधीच देऊ नका. पिशवीवर ‘मेंढीसाठी’ असं लिहिलेलंच घ्या. ते मिळेपर्यंत साधं मीठ पुरे.

कपाशीबाबतही सावध. २००६ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात वारंगळ भागात वेचलेल्या कपाशीत चरलेल्या मेंढ्या मेल्याच्या बातम्या आल्या. बीटी, कीटकनाशकं की नायट्रेट, यावर मोठा वाद झाला. वाद बाजूला ठेवला तरी नियम सोपा आहे: उपाशी कळप कपाशीत घालायचा नाही. आधी कुटार खाऊ घालायचं, मग तास-दीड तास चरायला सोडायचं, आणि शेवटच्या फवारणीला पुरेसे दिवस उलटल्याशिवाय मुळीच नाही.

गुडघ्याएवढी ज्वारी, पाणी तुटून करपलेली ज्वारी आणि कापणीनंतर आलेली कोवळी फूट, तिन्हींत विष असतं. खळ्यावर सांडलेला मका किंवा ज्वारी मेंढ्यांनी पोटभर खाल्ली तर पोटात आम्ल होऊन रात्रीत मेंढी आडवी पडते. खळं आधी झाडून घ्या.

चिखल, जंत आणि लस

मेंढीला थंडीपेक्षा ओलावा जास्त नडतो. गोठ्याची जमीन बाजूच्या जमिनीपेक्षा फूट-दीड फूट उंच, वर मुरूम. प्रत्येक मेंढीला १० चौरस फूट जागा. पावसाळ्यात खूर वाढलेले कापा, आठवड्यातून एकदा चुन्याच्या कोरड्या थरावरून कळप न्या. पायधुणीसाठी मोरचूद सांगितलं जातं. ते पाणी मेंढी पिते, म्हणून टाळा.

कालव्याच्या कडेचं, पाझराचं, शेततळ्याच्या काठाचं गवत पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला चारू नका. तिथल्या गोगलगायींतून यकृतातले चपटे कृमी जातात. जबड्याखाली पाणी उतरलेली मेंढी दिसली की ते लक्षण समजा. गोल जंतांसाठी खालची पापणी उलटून पाहण्याची सवय लावा: लालसर असेल तर ठीक, पांढरी फटक असेल तर औषध. सरसकट दर महिन्याला औषध पाजलं की जंत निगरगट्ट होतात. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर लेंडी तपासून, वजन करून, डॉक्टरांनी सांगितलेला पूर्ण डोस द्या.

लसींत चार नावं पाठ ठेवा. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी. पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. गाभण मेंढीला वेताच्या महिनाभर आधी दिली तर चिकातून कोकरालाही संरक्षण मिळतं. पीपीआरची लस चार महिन्यांवरच्या कोकराला. ती साधारण तीन वर्षं पुरते. २०३० पर्यंत हा रोग जगातून संपवण्याचं उद्दिष्ट आहे, तेव्हा आपला कळप मागे ठेवू नका. देवीची लस वर्षातून एकदा. लाळ्या खुरकूत मोहिमेच्या वेळापत्रकाप्रमाणे. पावसाळ्यानंतर ओठ सुजले, ताप आला, मेंढी लंगडू लागली तर निळ्या जिभेच्या रोगाची शंका घेऊन लगेच डॉक्टरांना बोलवा. नवीन आणलेली मेंढी तीन आठवडे वेगळी ठेवा. अवघड निदानासाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळ आहे.

विक्री, लोकर आणि लेंडी

डिसेंबरात जन्मलेलं कोकरू आषाढात सहा-सात महिन्यांचं होतं. श्रावण लागण्याआधी आखाडीला मटणाची मागणी वाढते. आपलं वेळापत्रक तिथे बसतं. बकरी ईद दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते. ती धरायची असेल तर अव्यंग, देखणे दोन-चार नर वेगळे काढून वाढवा. विक्री नेहमी जिवंत वजनावर करा. एक साधा लटकता काटा घेतला की व्यापाऱ्याच्या हातानं केलेल्या अंदाजावर अवलंबून राहावं लागत नाही. चांगल्या पाटी विकू नका, पुढचा कळप त्यांचाच.

लोकरीवर हिशेब बांधू नका. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, वर्षाला अर्धा-पाऊण किलोच्या आसपास. घोंगडी विणणारा ओळखीचा असेल तर ठीक, नाहीतर कातरणीची मजुरीही सुटत नाही. कातरायची मात्र असतेच, गोचीड आणि उष्मा कमी होतो.

खरी दुय्यम कमाई लेंडीत. लेंडीखतात नत्र साधारण तीन टक्के, म्हणजे शेणखतापेक्षा बरंच जास्त. रात्री कळप बागेच्या मोकळ्या भागात जाळीत बसवा, दर दोन-तीन रात्रींनी जाळी सरकवा. खताचा खर्च वाचतो, तो मेंढीच्या खात्यात लिहा.

योजना आणि वही

राज्य सरकारची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ पासून आहे; २० मेंढ्या अधिक एक नर अशा गटाला ७५ टक्के अनुदान, पण ती भटक्या जमाती-क प्रवर्गासाठी. राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के भांडवली अनुदान मिळतं, मात्र लहानातला लहान गट १०० मेंढ्या आणि ५ नरांचा. अनुदानाच्या मोहानं पहिल्याच वर्षी शंभर मेंढ्या आणू नका. घातखेड आणि दुर्गापूरच्या कृषी विज्ञान केंद्रांत आधी शिका. विमा उतरवा, कानातला बिल्ला जपा, शवविच्छेदनाशिवाय मेंढी पुरू नका. दावा त्यावरच ठरतो.

एक वही ठेवा. पाचच रकाने: मेंढीचा बिल्ला, वेताची तारीख, कोकराचं जन्मवजन, तीन महिन्यांचं वजन, आणि मेलं असेल तर का. दोन वर्षांत ही वही सांगेल की कोणती मेंढी दरवेळी कोकरू जगवते आणि कोणती नुसतं कुटार खाते. दुसरीला विका, पहिलीच्या पाटी ठेवा. व्यालेल्या दहा मेंढ्यांमागे नऊ कोकरं तीन महिन्यांची होऊ लागली, आणि असं सलग दोन वर्षं झालं, की मग खुशाल कळप वाढवा.